बाबा कोच झाले तो हिवाळा

काकाच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. झाशीच्या सिविल लाइंसमधल्या डॉक्टरांनी डोळा तपासला, धुळीपासून जपा म्हणून बजावलं, आणि आम्ही बाहेर येऊन गाडीत बसलो. काळा चष्मा लावलेला काका माझ्या शेजारी. मी गाडी घराच्या दिशेला वळवणार तेवढ्यात तो म्हणाला, "बिजौलीकडून घे."

"काका, बिजौली उलट्या दिशेला आहे."

"हओ. ठाऊक आहे मला."

आमच्या घरात हो, हाँ आणि हओ हे तिन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आलेत. पण काका 'हओ' म्हणाला की पुढे वाद घालायचा नसतो. मी गाडी वळवली.

बिजौलीतला पंख्यांचा कारखाना, जिथे बाबा आणि काका दोघे कामाला होते, कधीच बंद झाला आहे. त्याच्या मागचं मैदान मात्र अजून मैदानाएवढंच आहे, फक्त त्यावर आता दगडाच्या फरश्या उभ्या करून ठेवल्या आहेत, ओळीने, एकमेकींना टेकून. फाटकावरच्या वॉचमनला काकाने काहीतरी सांगितलं. त्याने आम्हाला आत सोडलं. दगड कापायच्या यंत्राचं पाणी सगळीकडे सांडलेलं होतं. त्या ओल्या मातीचा वास आला आणि मी बारा वर्षांची झाले.

दर गुरुवारी दुपारी त्या मैदानावर पाण्याचा टँकर फिरायचा. बुंदेलखंडाची तांबूस, खडेदार माती. ती आधी पाणी घ्यायलाच तयार नसायची, पाणी वरच्या वर पळायचं. मग एकदम सगळं पिऊन टाकायची आणि तिचा वास थेट सायकल स्टँडपर्यंत यायचा. त्यानंतर माळी चुन्याच्या रेषा मारायचा. सायकल स्टँडच्या पत्र्यावर माझी जागा ठरलेली होती. खाली सत्तर-ऐंशी सायकली, वर मी, खिशात बोरं. पत्रा उन्हाने तापलेला असायचा, आणि हिवाळ्यात तेच सुख वाटायचं.

कारखान्याची हॉकीची टीम होती. अकरा आणि वर चार, असे पंधरा जण खेळाडू म्हणूनच पगारावर. सकाळी हजेरी लावायची, दुपारपर्यंत मशीनवर किंवा पॅकिंगमध्ये काम, आणि दुपारनंतर मैदान. निळे शर्ट. कारखान्याच्या शेठजींना या टीमचं वेड होतं, आणि शेठजींपेक्षा शहराला. आमच्या गावात हॉकी समजत नाही असा माणूस सापडणं कठीण. भाजीवाला मेथीची जुडी बांधता बांधता सांगायचा की लेफ्ट हाफ फार पुढे जातोय.

त्या टीमचा सेंटर फॉरवर्ड माझा काका होता. घरी बाळू, मैदानावर बल्लू भैया. चेंडू त्याच्या स्टिकला लागला की पत्र्याखालच्या भिंतीवर बसलेली माणसं बोलायची थांबत. तो धावायचा कमी. एका जागी चेंडू डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचा, लाकडाचा टक टक आवाज, आणि समोरचा माणूस स्वतःच्याच पायात अडकून बाजूला व्हायचा. मग पुढचा. कधी कधी चुकवलेल्या माणसाला पुन्हा चुकवायला तो मागे यायचा. लोक त्यासाठीच यायचे. सामना हरलो तरी घरी जाताना त्यांचे चेहरे खुललेले असत.

लक्ष्मी गेटजवळ भांड्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर तांब्या-पितळेवर हातोडी चालायची. पुढच्या खोलीत काका झोपायचा, आणि खोलीच्या कोपऱ्यात त्याच्या चार स्टिक उभ्या असायच्या. रविवारी सकाळी तो त्यांना अळशीचं तेल लावायचा. तुतीचं लाकूड ते तेल हळूहळू शोषून घ्यायचं. आई आत पोहे फोडणीला टाकायची आणि मोहरी-हिंगाच्या वासात तो तेलाचा जड वास मिसळायचा. रविवार म्हणजे माझ्यासाठी तो वास. आज कुठल्याही रविवाराला तो येत नाही.

जुने कोच त्या वर्षी दसऱ्यानंतर आले नाहीत. ते कानपूरला मुलाकडे राहायला गेले, एवढंच मला समजलं. आठ दिवसांनी बाबा संध्याकाळी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "शेठजींनी मला बोलावलं होतं. टीम सांभाळा म्हणाले."

बाबा कारखान्याच्या स्टोअरमध्ये बाबू होते. तरुणपणी तेही खेळले होते, लेफ्ट हाफ. पण त्यांचा खेळ कुणाला आठवत नव्हता. काकापेक्षा सहा वर्षांनी मोठे, सडसडीत, कमी बोलणारे. लोक त्यांना पंडितजी म्हणायचे.

आईने विचारलं, "आणि भावजी?"

काका पुढच्या खोलीतून हसत आला. "वहिनी, आता घरातच कोच. मला उशीर झाला की दादाच उठवेल." त्याने वाकून बाबांच्या पायांना हात लावला. बाबाही हसले. त्या दिवशी आईने शिरा केला होता.

दुसऱ्या दिवसापासून पहाट बदलली. धुक्यात, दहा पावलांवरचं दिसत नसताना, पंधरा जण मैदानाभोवती धावायचे. मी बाबांबरोबर सायकलच्या दांडीवर बसून जायची. माणसं दिसत नसत, फक्त बुटांचा आवाज गोल फिरत राहायचा, जवळ यायचा, लांब जायचा. पहिल्याच दिवशी बाबांनी सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाले, "देखो भाई, गेंद आदमी से तेज़ भागती है. तो आदमी को क्यों थकाना, गेंद को भगाओ. जिसके पास आए, दो की गिनती में आगे दे दो."

काकाने मागून विचारलं, "और तीन तक गिन लिया तो?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. "तो मैं गिनूँगा," ते म्हणाले.

संध्याकाळी जेवणाआधी बाबा जमिनीवर खडूने मैदान काढायचे. आपले खेळाडू म्हणजे चिंचोके, समोरचे म्हणजे राजमा. मी समोर बसायची आणि ते सांगतील तसा दाणा सरकवायची. सगळ्यात मोठा, चकाकता चिंचोका काका. ज्वारीचा दाणा चेंडू. "आता इकडून इरफानकडे," बाबा म्हणायचे. इरफान राइट आउट होता, विशीतला, वाऱ्यासारखा धावणारा. मी दाणा सरकवायची. चिंचोक्यांना ते खूप छान जमायचं.

माणसांना जमेना. पहिले दोन सामने आम्ही हरलो. काकाकडे चेंडू आला की लाइनीवरून बाबा मोजायचे, एक, दोन, आणि पुढचे आकडे लोकांच्या आरोळ्यांत बुडून जायचे. काका तीन जणांना चुकवायचा, चौथा चेंडू काढून घ्यायचा, आणि तोवर आमचे मोकळे झालेले खेळाडू उभे राहून पाहत असायचे. दुसऱ्या सामन्यानंतर येताना दोघे भाऊ वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी आले.

त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. आई खाली दुकानातून कल्हईची पातेली आणायला गेली होती. काका अजून आला नव्हता. बाबांनी मैदान काढलं, चिंचोके मांडले, बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी मोठा चिंचोका उचलला आणि डब्यात टाकला. त्याच्या जागी एक लहानसा ठेवला.

"हा कोण?" मी विचारलं.

"देवेंद्र. राखीव चौघांतला."

"आणि काका?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला मी सांगेन. तू सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काका तेल लावत बसला होता. मला म्हणाला, "बिट्टो, जरा फडकं दे." मी फडकं दिलं. तो गुणगुणत होता. मला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं. तो पाऊण तास मी तशीच त्याच्याजवळ बसून काढला. आयुष्यात पुढे मी बऱ्याच गोष्टी लपवल्या असतील, पण तेवढी जड कुठलीच गेली नाही.

बाबांनी त्याला घरी सांगितलं नाही. मैदानावर, सगळ्यांसमोर नावं वाचली. काकाचं नाव आलं नाही. तो बाकावर जाऊन बसला आणि अंगावर आईची विटकरी शाल ओढून घेतली. पूर्ण सामना तो तसा बसून होता. भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "काए पंडितजी, बल्लू भैया खों काए बिठार दओ?" मग दुसरा, मग सगळेच. बाबा चुन्याच्या रेषेवर हात मागे बांधून उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

तो सामना आम्ही जिंकलो. पुढचाही. त्यानंतर जिंकतच गेलो. चेंडू इकडून तिकडे असा पळायचा की पत्र्यावरून बघताना वाटायचं, कुणीतरी जमिनीवर मोठी रांगोळी काढतंय. खूप सुंदर खेळ होता तो. पण टाळ्या थोड्या. भिंत अर्धी रिकामी राहू लागली. शाळेत आमचे पी.टी.चे मास्टरजी मला म्हणाले, "बिटिया, पिताजी से कहना, जीत तो रहे हैं, मगर मज़ा नहीं आ रहा." मी घरी सांगितलं नाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर बाबा गेले की तिथलं बोलणं थांबायचं. त्यांनी तिथे जाणं सोडलं.

घरात बोलणं थांबलेलंच होतं. दोन खोल्या, मधे एक दार, आणि त्या दारातून जाणारी मी. "बाबांना सांग, उद्या पॅकिंगमध्ये माझी डबल ड्यूटी आहे." "काकाला सांग, सराव चुकला तर हजेरी लागणार नाही." दोघांनाही एकमेकांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं, तरी मी ते उचलून पलीकडे नेऊन ठेवायची. काका सरावाला मात्र एकही दिवस चुकला नाही. धुक्यात धावायचा, बाकीचे दोनच्या गिनतीत पास देत असताना तोही द्यायचा, आणि सामन्याच्या दिवशी शाल घेऊन बाकावर बसायचा. आई दोघांना एकाच पंगतीला वाढायची. मधे मला बसवायची. भाकरी मोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

संक्रांत आली. बाहेर सगळ्या गावात बुड़की, लोक पहाटे नदीवर बुडी मारायला निघालेले, आणि आमच्याकडे तिळगूळ. आईने तीळ भाजले तेव्हा खालच्या दुकानातला कारागीर वर तोंड करून म्हणाला, "भाभीजी, हमारा हिस्सा रखियो." आईने त्या वर्षी वड्या जास्तच केल्या. तिच्या मनात काहीतरी होतं. सकाळी अंघोळी झाल्यावर तिने ताट बाबांच्या हातात दिलं. म्हणाली, "मोठ्यांनी द्यायचा असतो."

बाबा पुढच्या खोलीत गेले. मी दारात. काका उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला. बाबांनी वडी पुढे केली. पुढचे शब्द झाशीत काय आणि पुण्यात काय, मराठी घरात तेच असतात, गोड बोला म्हणायचं असतं. बाबांचे ओठ हलले. पण बोला हा शब्द त्यांना उच्चारता येईना. काकाने वडी घेतली आणि तोंडात टाकली. तो चावत होता, तिळाचा कुरकुर आवाज येत होता. बाबा ताट घेऊन परत आले. आई पाठमोरी उभी होती.

हंगामाचा शेवटचा सामना कानपूरच्या टीमशी होता. जिंकलो तर शील्ड आमची. त्या दिवशी भिंत पुन्हा भरली. झाडांवर मुलं, ट्रकच्या टपावर माणसं, माझ्या पत्र्यावर अनोळखी पाचजण. थंडी असूनही धुळीला घामाचा वास होता. आमच्या टीमने आधी गोल केला, मग कानपूरने दोन केले. शेवटची दहा मिनिटं उरली असताना देवेंद्रचा घोटा मुरगळला. त्याला दोघांनी धरून बाहेर आणलं.

बाबांनी बाकाकडे पाहिलं. तिथे दोन जण होते, एक नवा मुलगा आणि काका.

"बाळू," बाबा म्हणाले.

बाक भिंतीला लागूनच होता, म्हणून पत्र्यावर मला ते ऐकू आलं. अडीच महिन्यांतला पहिला शब्द.

काकाने शाल काढून घडी केली. घडी करायला त्याने उगाच वेळ लावला. बाबा त्याच्याजवळ गेले. "त्यांचा लेफ्ट बॅक दमलाय. इरफान उजवीकडे मोकळा राहील."

"हो, दादा," काका म्हणाला आणि आत गेला.

गर्दीचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. काका सुरुवातीला बाबांच्या म्हणण्याप्रमाणेच खेळला. चेंडू आला, एक, दोन, दिला. आला, दिला. लोक पुन्हा शांत झाले. मग अगदी शेवटी, अंपायर घड्याळ बघत असताना, मैदानाच्या मधोमध चेंडू त्याच्याकडे आला. समोर चार निळे नसलेले शर्ट. उजवीकडे इरफान, हात वर करून, खरोखरच मोकळा. पत्र्यावरून मला ते चिंचोक्यांसारखं दिसत होतं. मी मोजू लागले.

पहिला माणूस बाजूला झाला. दोन. दुसरा झाला. तीन, चार. तिसऱ्याला काकाने कसं चुकवलं ते आजही मला सांगता येणार नाही. चेंडू एका बाजूने गेला आणि काका दुसऱ्या, आणि माणसाच्या पाठीमागे ते पुन्हा भेटले. लोक उभे राहिले. माझ्यासमोर पाठीच पाठी. टक टक तेवढी ऐकू येत होती. मग एक मोठा, बोथट आवाज आला, आणि सगळ्या मैदानाने एकदम श्वास सोडला. गोलकीपरने पुढे येऊन पॅडने चेंडू अडवला होता. लगेच शिट्टी वाजली.

आम्ही हरलो. कुणी शिव्या दिल्या नाहीत. भिंतीवरचा एक म्हातारा टाळ्या वाजवू लागला, एकटाच, आणि मग बाकीचे. इरफान कंबरेवर हात ठेवून खाली बघत होता.

मी पत्र्यावरून उतरून सायकलपाशी उभी राहिले. मला भीती वाटत होती. बाबा आले, त्यांनी सायकल काढली. मागून काका आला, स्टिक खांद्यावर, चेहरा धुळीने माखलेला. आम्ही तिघं निघालो. मला सीटवर बसवून बाबा सायकल हाताने ढकलत होते. रस्त्याकडेला कुणीतरी पालापाचोळा जाळला होता, त्याचा धूर जमिनीलगत पसरला होता.

मग बाबा म्हणाले, "तिसऱ्याला कसं चुकवलंस?"

काका थांबला. "त्याचा भार उजव्या पायावर होता."

"ते मी पाहिलं. पण चेंडू कुठून काढलास?"

"त्याच्या स्टिकखालून. हे बघ." काकाने रस्त्यावरच एक खडा ठेवला. बाबांनी सायकल माझ्यासकट झाडाला टेकवली आणि ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, कानपूरचा बॅक होऊन, हातात काही नसताना. काकाने खडा हलवला. बाबा फसले. "पुन्हा," ते म्हणाले. येणारे-जाणारे कारखान्यातले लोक सायकली हळू करून बघत होते. लक्ष्मी गेटला पोचेपर्यंत ते दोघे त्याच एका माणसाबद्दल बोलत राहिले. मला कुणी निरोप दिला नाही. घरी आल्यावर आईने दाराआडून त्यांचे आवाज ऐकले आणि काही न विचारता ताटं मांडली, मला मधे न बसवता.

पुढच्या वर्षी टीमच राहिली नाही. शेठजींच्या मुलाने कारखाना हातात घेतला होता. निळे शर्ट काही दिवस गावात दिसत राहिले, मशीन पुसताना, सायकल दुरुस्त करताना, मग विरून गेले. बाबा स्टोअरमध्ये परतले, काका पॅकिंगमध्ये. पुन्हा दोघे एकत्र चहाच्या टपरीवर जाऊ लागले. बाबांच्या कोचगिरीचा तो एकच हिवाळा. गावाला त्यातले सात विजय आठवत नाहीत, तो शेवटचा पराभव मात्र अजून आठवतो. कुणी ती गोष्ट काढली की बाबा चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "हाँ, देखने लायक था." पास का दिला नाही, हे त्यांनी भावाला कधी विचारलं नाही. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

काका फरश्यांच्या ओळींमधून हळूहळू चालत होता. एका ठिकाणी थांबला. मैदानाचा मध्य तिथेच असावा. मी त्याचा दंड धरला होता. इतक्या वर्षांत मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"काका, तुला इरफान दिसला नव्हता का?"

"दिसला होता की. हात वर करून उभा होता. एकाला चुकवल्यावर द्यायचाच होता पास, स्टिक वळवलीही होती मी."

"मग?"

त्याने काळा चष्मा काढला. मी नको म्हटलं, तरी काढला.

"तेव्हा दादा दिसला. चुन्याची रेषा ओलांडून चांगला पाच-सहा पावलं आत आला होता, त्याला पत्ताच नव्हता. मोजत नव्हता, बिट्टो. हसत होता. लहानपणी तळ्याकाठी मी खेळायचो आणि तो बघत उभा राहायचा, तेव्हा हसायचा तसा." काकाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मग कसा देणार मी पास?"